जुनी अमेरिकन कन्व्हर्टिबल भुरळ का घालते? आवडीपासून संशोधन-प्रश्नापर्यंत

पेट दिली, आता मुलाखत आहे, आणि सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं ते सुचत नाही, अशा अवस्थेत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या टप्प्यावर बहुतेकांना एकच शंका छळते: "मला जे मनापासून आवडतं, त्यावर संशोधन करता येईल का? की समिती हसेल?"

माझं उत्तर असं: आवड हा विषय होऊ शकतो, पण आवड म्हणजे प्रश्न नव्हे. "मला जुन्या गाड्या आवडतात" या वाक्यावर समिती खरंच हसेल. "एकेकाळी भंगारात जाणारी वस्तू मौल्यवान कशी होते, आणि ते कोण ठरवतं?" या वाक्यावर हसणार नाही. गाडी तीच, पण दुसऱ्या वाक्याला पुरावा लागतो, आणि ते चुकीचंही ठरू शकतं. हा प्रवास कसा करायचा, ते आज एकाच उदाहरणावरून बघू. उदाहरण मुद्दाम 'हलकं' वाटेल असं घेतलंय: नव्यासारखी करून रस्त्यावर आणलेली, टप उघडणारी जुनी अमेरिकन मोटार.

पायरी १: आधी वस्तू नीट बघा

सिद्धांताकडे धावण्याआधी समोर काय आहे ते लिहून काढा. समजा, समोर १९५९ सालची कॅडिलॅक एल्डोराडो बिआरित्झ आहे. लांबी पावणेएकोणीस फूट, म्हणजे साडेपाच मीटरहून जास्त. बॉनेटखाली ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. मागे दोन्ही बाजूंना विमानाच्या शेपटीसारखे उभे पंख, आणि त्या पंखांत बसवलेले बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे लाल दिवे. जिकडेतिकडे क्रोम. त्या वर्षी अशा फक्त १,३२० गाड्या बनल्या आणि किंमत होती ७,४०० डॉलरच्या थोडी वर.

आता विचारा, हे पंख कशासाठी? गाडी उडत नाही. पंखांची सुरुवात १९४८ च्या कॅडिलॅकपासून झाली. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांच्या चमूने दुसऱ्या महायुद्धातल्या लॉकहीड पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून ती कल्पना उचलली. पुढची दहा-अकरा वर्षं पंख वाढत गेले, १९५९ ला सर्वांत उंच झाले, आणि मग दर वर्षी खाली येऊ लागले.

हे वर-खाली होणं अपघाताने झालेलं नाही. आल्फ्रेड स्लोन यांच्या काळात जनरल मोटर्सने दर वर्षी गाडीचं रूप बदलायचं धोरण पक्कं केलं. कारण सरळ होतं: शेजाऱ्याची नवी गाडी बघून तुम्हाला तुमची गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटली पाहिजे. म्हणजे काय, तर ही गाडी *लवकर जुनी वाटावी* म्हणूनच तशी घडवली होती. आणि तीच आज 'कालातीत' म्हणून मिरवते.

इथे थांबा. ही विसंगती तुमची खरी ठेव आहे. संशोधनाचा चांगला प्रश्न बहुतेक वेळा अशा विसंगतीतूनच निघतो. "गाडी सुंदर आहे" यातून काही निघत नाही. "वर्षभरात शिळी व्हावी म्हणून बनवलेली वस्तू साठ वर्षांनी ताजी का वाटते?" यातून निघतं.

पायरी २: विसंगतीला साजेसा सिद्धांत शोधा

मायकेल थॉम्पसन यांचं १९७९ सालचं 'रबिश थिअरी' हे पुस्तक इथे कामाला येतं. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं: समाज वस्तूंना दोन खात्यांत टाकतो. एका खात्यातल्या वस्तूंची किंमत दिवसेंदिवस उतरते, उदाहरणार्थ वापरातली मोटार. दुसऱ्या खात्यातल्या वस्तूंची किंमत चढते, उदाहरणार्थ जुनी चित्रं. पहिल्या खात्यातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही. मधे एक तिसरं, कोणाच्या हिशेबात नसलेलं खातं लागतं, ते म्हणजे भंगार. किंमत शून्यावर आली, कोणी ढुंकून बघेना, की मगच एखादा 'वेडा' ती वस्तू उचलतो आणि नव्याने बघायला शिकवतो.

जुन्या गाडीचं आयुष्य या चौकटीत किती चपखल बसतं बघा. शोरूममध्ये नवी कोरी. मग दुसऱ्या मालकाकडे. मग कॉलेजच्या मुलाकडे. मग शेडमध्ये ताडपत्रीखाली, उंदरांच्या ताब्यात. आणि मग कोणीतरी येऊन तिला तिथून बाहेर काढतं. इगोर कोपिटॉफ यांनी १९८६ साली एका निबंधात सुचवलं की माणसाचं असतं तसं वस्तूचंही चरित्र लिहिता येतं: ती कधी विक्रीचा माल असते, कधी नसते, कधी पुन्हा होते. हा निबंध ज्या ग्रंथात आला त्याचे संपादक मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई.

सिद्धांत मिळाला म्हणून खूश होऊन थांबू नका, बरं का. थॉम्पसन वाट दाखवतात, पण *कोणती* वस्तू भंगारातून बाहेर येते हे त्या वाटेवरून कळत नाही. शेडमध्ये चार दारांची साधी सेदानही पडलेली असते. मग कन्व्हर्टिबलच का उचलली जाते?

पायरी ३: एकाच प्रश्नाला चार उत्तरं उभी करा आणि त्यांची झुंज लावा

नवख्या प्रस्तावात सर्वांत जास्त दिसणारी उणीव हीच: एकच स्पष्टीकरण असतं आणि सगळा पुरावा त्याच्या बाजूने गोळा केलेला असतो. त्याऐवजी प्रतिस्पर्धी उत्तरं मांडा, आणि प्रत्येकासमोर लिहा, "काय आढळलं तर हे खोटं ठरेल?"

*पहिलं उत्तर: तारुण्याची आठवण.* मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ साली दाखवलं की लोकांना साधारण चोविशीच्या आसपास ऐकलेलं संगीत पुढे आयुष्यभर सर्वांत जास्त आवडतं. २००३ मध्ये याच दोघांनी मोटारींच्या रूपाबद्दलही अशी चाचणी घेतली. या उत्तराप्रमाणे १९५७ च्या गाडीचे चाहते त्या काळात तरुण असलेले असायला हवेत. मग पुण्यात २००० नंतर जन्मलेल्या मुलाच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर तीच गाडी कशी? यावर अप्पादुराईंकडे एक धागा मिळतो. जे आपण कधी गमावलंच नाही त्याचीही हुरहुर बाजार आणि चित्रपट आपल्यात निर्माण करतात, असं त्यांनी १९९६ च्या पुस्तकात मांडलं. म्हणजे आठवणीशिवायची हुरहुर. आता 'स्वतःची आठवण' आणि 'उसनी आठवण' अशी दोन वेगळी गृहीतकं झाली. वय विचारलं की ती वेगळी तपासता येतात.

*दुसरं उत्तर: दुर्मिळता.* मिळत नाही म्हणून हवीशी. इथे इतिहासानेच आपल्यासाठी एक प्रयोग करून ठेवलाय. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत कन्व्हर्टिबलची विक्री घसरत गेली. एअर कंडिशनिंग स्वस्त झालं, हायवेवरचा वेग वाढला, आणि गाडी उलटली तर काय, या सुरक्षेच्या चर्चेने कंपन्या धास्तावल्या. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो 'अमेरिकेची शेवटची कन्व्हर्टिबल' म्हणून विकली गेली. १४,००० गाड्या बनल्या, आणि अनेकांनी त्या चालवायला न घेता ठेवणीसाठी घेतल्या. मग १९८२ मध्ये क्रायस्लरने लेबॅरन कन्व्हर्टिबल आणली, आणि १९८४ ला खुद्द कॅडिलॅकनेही पुन्हा टप उघडला! 'शेवटची' म्हणून जपलेली गाडी शेवटची राहिलीच नाही. आता बघा: १,३२० गाड्यांची १९५९ ची एल्डोराडो आणि १४,००० गाड्यांची १९७६ ची, यांच्या किमतीत नुसत्या संख्येने समजेल एवढाच फरक आहे का? नसेल, तर दुर्मिळता एकटी पुरेशी नाही.

*तिसरं उत्तर: हातांची मेहनत.* मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ च्या प्रयोगांत दाखवलं की स्वतः जोडलेल्या वस्तूला माणूस जास्त मोल देतो. पण काम अर्धवट राहिलं किंवा जोडलेलं पुन्हा मोडलं, तर तो परिणाम ओसरतो. आपल्या गाडीसाठी यातून सरळ चाचणी निघते. तीन प्रकारचे मालक घ्या: स्वतः पाना हातात घेऊन गाडी उभी केलेले, मिस्त्रीला पैसे देऊन करून घेतलेले, आणि वर्षानुवर्षं काम अर्धवट पडलेले. तिघांचं गाडीशी नातं सारखंच निघालं, तर मेहनतीचं उत्तर बाद.

*चौथं उत्तर: दिसणं आणि दाखवणं.* छत नसलेल्या गाडीत बसलेला माणूस जग बघतो, आणि जगही त्याला बघतं. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली 'दाखवण्यासाठीचा उपभोग' ही कल्पना मांडली. कन्व्हर्टिबल तिचं चाकांवरचं रूप म्हणता येईल. हे उत्तर खरं असेल तर माणूस ही गाडी रिकाम्या घाटरस्त्यापेक्षा गर्दीत जास्त चालवेल. लॉगबुक, रॅलीचे मार्ग, मुलाखती यांतून हे तपासता येतं.

चारही उत्तरं थोडी थोडी खरी निघू शकतात. हरकत नाही. पण 'सगळंच थोडं थोडं' हा निष्कर्ष तपासणीनंतर आला पाहिजे. आधीच तसं लिहून मोकळं व्हायचं नाही.

पायरी ४: सर्वांत साध्या शब्दाला अडवा

आपल्या विषयात तो शब्द आहे 'मूळ'. "गाडी अगदी मूळ स्थितीत आणली" असं सहज म्हटलं जातं. पण मूळ म्हणजे काय?

पूर्ण काम करायचं असेल तर बॉडी चॅसिसवरून उतरवतात, प्रत्येक नटबोल्ट सुटा करतात, गंजलेला पत्रा कापून नवा जोडतात, रंग धातूपर्यंत खरवडून पुन्हा चढवतात, टपाचं कापड आणि सीटचं आच्छादन नवं शिवतात. इंजिनावरचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक कारखान्यातल्यासारखा जुळला तर भाव वाढतो. एवढं सगळं झाल्यावर जुनं उरलं किती? म्हणून संग्राहकांत दुसरा पंथही आहे. तो म्हणतो, गाडी मूळ एकदाच असते. फाटकी सीट आणि उडालेला रंग तसाच राहू द्या. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ: एकाला 'कारखान्यातून निघाली तेव्हासारखी' हवी आहे, दुसऱ्याला 'कारखान्यातून निघाल्यापासून न बदललेली'.

तिसरा अर्थ हवानात सापडतो. १९५९ च्या क्रांतीनंतर आणि अमेरिकेच्या व्यापारबंदीनंतर क्युबात नव्या अमेरिकन गाड्या येणं थांबलं. होत्या त्याच चालवत राहावं लागलं. सुटे भाग नाहीत, म्हणून शेव्हरोलेच्या पोटात कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसलं; जे मिळालं नाही ते तिथल्या कारागिरांनी घडवलं. २०११ पर्यंत तिथे सामान्य माणसाला मुक्तपणे विकता-घेता येत होत्या त्या प्रामुख्याने क्रांतीपूर्वीच्याच गाड्या. आज गुलाबी-निळ्या रंगातल्या त्या उघड्या गाड्या मालेकॉन या समुद्रकाठच्या रस्त्यावर पर्यटकांना फिरवतात. अमेरिकेतल्या स्पर्धेचा परीक्षक या गाडीला नापास करेल. पण ती एक दिवसही शेडमध्ये पडून राहिलेली नाही, आणि एका कुटुंबाचं पोट तिच्यावर चालतं. मग 'अस्सल' कोण?

हा वाद कोर्टातही गेलाय. गाडी ब्रिटिश होती, पण मुद्दा आपलाच. १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकलेली 'ओल्ड नंबर वन' ही बेंटले एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं, आणि ती खरी तीच गाडी आहे का यावरून भांडण झालं. १९२९ चे भाग तिच्यात जवळजवळ उरलेच नव्हते. १९९० मध्ये लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला की ती तीच गाडी आहे, कारण तिचा इतिहास अखंड आहे. भाग बदलत गेले, पण गाडी कधी 'दुसरी' झाली नाही.

आणि आपल्याकडे? २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून जुन्या वाहनांची वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात ठेवलेली, आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. म्हणजे हवानाची डिझेल शेव्हरोले इथे बसणार नाही. लंडनच्या न्यायाधीशाने इतिहास बघितला, आपला नियम भाग बघतो.

यातून शिकायचं ते हे: संकल्पनेची व्याख्या तुमच्या प्रस्तावात शोभेसाठी नसते. व्याख्या बदलली की कोणती गाडी अभ्यासात येणार आणि कोणती बाहेर राहणार, हेच बदलतं.

पायरी ५: जे समोर दिसतं ते कुठून गाळून आलंय ते विचारा

एक आकडा बघा. १९५७ साली शेव्हरोलेने सुमारे १५ लाख गाड्या बनवल्या. त्यांतल्या बेल एअर कन्व्हर्टिबल होत्या साधारण ४७,५००. म्हणजे शंभरात तीन. पण '५७ ची शेव्हरोले' म्हटल्यावर डोळ्यांपुढे कोणती येते? उघड्या टपाचीच! त्या वर्षीची अमेरिका प्रत्यक्षात सेदान आणि स्टेशन वॅगनमध्ये बसून कामावर आणि बाजाराला जात होती. त्या गाड्या राबल्या, झिजल्या आणि बहुतेक भंगारात वितळल्या. जपल्या गेल्या त्या निवडक.

याला 'तगून राहिलेल्यांचा पूर्वग्रह' म्हणतात. रॅलीत किंवा संग्रहालयात जाऊन १९५० चं दशक अभ्यासणं म्हणजे फक्त लग्नाच्या अल्बमवरून संसार समजून घेणं. लिलावाच्या किमतींचंही तसंच: विकल्या गेलेल्या गाड्यांची किंमत दिसते, घरातून कधीच न हललेल्या गाडीची नाही. तुमचा विषय गाड्या नसून जुनी हस्तलिखितं, लोकगीतं किंवा यशस्वी स्टार्टअप असतील, तरी हा प्रश्न स्वतःला विचाराच.

पायरी ६: चकाकीखाली काय पुसलं गेलं?

आता सर्वांत महत्त्वाचं. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या पुस्तकात हुरहुरीचे दोन प्रकार सांगितले. एक हरवलेलं घर जसंच्या तसं पुन्हा बांधू बघते. दुसरी हरवल्याची जाणीव ठेवून विचार करते. गाडी नवीकोरी करताना पहिली हुरहुर कामाला लागते. ती काळाचा एक क्षण निवडते, शोरूमचा. त्यानंतरचे ओरखडे खरवडून टाकते.

पण त्याच क्षणी, त्याच देशात, दुसरंही काही चालू होतं. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या हार्लेममधल्या एका टपालवाटप्याने १९३६ पासून कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली, आणि 'ग्रीन बुक' १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निघत राहिलं. कोणत्या गावात खोली मिळेल, कुठे जेवता येईल, याची ती यादी. गाडी कितीही चकचकीत असो, चालवणाऱ्याचा रंग बघून मोटेलचं दार बंद होत होतं. तरीही, किंबहुना म्हणूनच, अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांना स्वतःची मोटार मोलाची होती: बसमध्ये मागच्या सीटवर बसायचा अपमान तिने टळत होता. १९५५-५६ च्या माँटगोमेरीतल्या बस बहिष्कारात खासगी गाड्यांनीच लोकांना कामावर पोचवलं.

मग 'मोकळ्या रस्त्याचं स्वातंत्र्य' हे या गाडीचं आकर्षण खोटं आहे का? नाही. पण ते सगळ्यांना सारखं मिळालेलं नव्हतं. आकर्षण समजावून सांगणं आणि त्या आकर्षणाच्या बाजूने जाहिरात लिहिणं, यांत फरक आहे, आणि तो फरक राखणं हेच संशोधकाचं काम. आवडत्या विषयावर काम करताना हीच जागा सर्वांत निसरडी. समिती "तुम्हाला हा विषय इतका आवडतो, मग तटस्थ कसे राहाल?" असं विचारते, तेव्हा ती इथेच बोट ठेवत असते. "माझ्या विषयात कोण दिसत नाही, हे मी आधी शोधलंय" असं सांगता आलं, तर तुमची आवड अडचण न राहता तयारी ठरते.

आता तुमची पाळी

अमेरिकेला जायची गरज नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या आणि १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते काम थांबवलं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ जोडल्या. त्या कारखान्यांतले कामगार, त्या गाड्या टॅक्सी म्हणून चालवणारे, आणि आज गॅरेजमध्ये त्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे मिस्त्री, यांच्याबद्दल मराठीत विचारण्यासारखं पुष्कळ आहे. रॅलीत मालकाचा फोटो येतो. पत्रा ठोकणाऱ्याचं कौशल्य कुठे नोंदलं जातं? हा एक प्रश्नसुद्धा प्रबंधाला पुरेल.

आज रात्री एक कागद घ्या आणि तुमच्या आवडत्या विषयाबद्दल सहा ओळी लिहा:

१. वस्तू किंवा घटना नेमकी कोणती? (नाव, साल, जागा.)
२. तिच्यात मला खटकणारी विसंगती कोणती?
३. तिची किमान तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं कोणती?
४. प्रत्येक स्पष्टीकरण कशाने खोटं ठरेल?
५. माझ्यापर्यंत पोचलेला पुरावा कुठे गाळला गेलाय?
६. यात कोण दिसत नाही?

सहावी ओळ लिहायला सर्वांत जास्त वेळ लागेल. लागू द्या. पहिल्या पाच ओळींनी सिनॉप्सिस तयार होईल. पुढची चार-पाच वर्षं तुम्ही त्या विषयासोबत का राहणार, हे मात्र सहावी ओळच ठरवेल.